गणकयंत्रांचें जतन : एक उपेक्षित इतिहासकार्य

पावसाळ्याच्या दिवसांत नळदुर्गास जो कोणी येतो तो किल्ल्यांतील पाणीमहाल पाहिल्यावांचून परत जात नाहीं. बोरी नदीस आडवा बांध घालून किल्ला व रणमंडळ यांस जोडणारें हें बांधकाम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, झालें. नदी भरून आली म्हणजे नर व मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळूं लागतें. आणि बांधाच्या पोटांतील दालनांत उभा असलेला मनुष्य स्वतः कोरडा राहून आपल्या डोळ्यांसमोरून पडणारा जलाचा पडदा पाहतो. अध्यापनाच्या निमित्तानें या गांवीं राहण्यास आम्हांस आतां तीस वर्षें होत आलीं. दरवर्षीं हा देखावा पाहतांना एक गोष्ट आमच्या मनांत येते. बांधणाऱ्या स्थपतीची युक्ति अद्याप चालू आहे, आणि ती चालू असल्यामुळेंच ती कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. पाणी कोठून आलें, कोठें अडलें आणि कोठून सुटलें, हें शेतकऱ्यास दिसतें, तसेंच शाळकरी मुलासहि दिसतें. चारशें वर्षांपूर्वींचें हें यंत्र, आणि त्यास यंत्र म्हणण्यास हरकत नसावी, आपला इतिहास आपणच सांगतें.

आमच्या स्वतःच्या हयातींत जन्मास येऊन निकालांत निघालेल्या यंत्रांची स्थिति याच्या अगदीं उलट आहे. गणकयंत्र, ज्यास आज सर्वत्र संगणक म्हणतात, तें बंद पडलें कीं त्याची पेटी मुकी होते. ती काय करीत होती, कोणासाठीं करीत होती, तिच्यापुढें बसणाऱ्या माणसाचा दिवस कसा जात होता, यांपैकीं कांहींच तिच्याकडे नुसतें पाहून उमगत नाहीं. शिवाय ती फार लवकर जुनी होते. देऊळ जुनें झालें म्हणजे त्याविषयींची पूज्यबुद्धि वाढते. नाणें जुनें झालें म्हणजे त्याचें मोल वाढतें. गणकयंत्र जुनें झालें म्हणजे तें अडगळ होतें. अडगळ आणि पुराणवस्तु या दोन अवस्थांच्या मधला जो चाळीस-पन्नास वर्षांचा काळ, त्यांतच बहुतेक वस्तूंचा नाश होतो. तो काळ जी वस्तु तगून काढील तीच पुढें संग्रहालयांत जाते. आपल्या प्रांतांतील गणकयंत्रें आज नेमकीं त्याच काळांतून जात आहेत, आणि त्यांस तारून नेण्याचें काम विद्यापीठांनीं अंगावर घेतलें नाहीं तर तें दुसरें कोणी घेईल असें दिसत नाहीं, हें या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे.

विषय आम्हांस सुचला तो पुस्तकांतून नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं एका शिक्षणसंस्थेच्या आवारांत जुन्या सामानाचा लिलाव झाला. डेडस्टॉकच्या नोंदवहीतून जें सामान कमी करावयाचें त्याची छाननी करण्यासाठीं तिघांची एक समिति नेमली होती. मोडक्या लाकडी बाकांची, गंजलेल्या कपाटांची व चौदा संगणकांची यादी एकाच ठरावांत आली, आणि तो ठराव एका चहाच्या अवकाशांत संमत झाला. लिलावाच्या दिवशीं आम्ही सहज तिकडे गेलों, तेव्हां व्हरांड्यांत यंत्रांचा ढीग पडला होता. भंगारवाल्यानें एका पेटीचें झाकण काढून आंत पाहिलें व आम्हांस विचारलें, "सर, यांत तांबें कितीसं निघेल?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. मग त्यानें सर्व पेट्या काट्यावर घातल्या, आणि बाकांच्या लाकडापाठोपाठ त्यांचेंहि वजन झालें. वाचकांपासून एक गोष्ट लपवून ठेवणें बरें नव्हे : त्या समितींतील तिघांपैकीं एक आम्ही होतों, आणि त्या ठरावावर आमची सही आहे. विषय इतिहासाचा शिकवावयाचा आणि सही अशा कागदावर करावयाची, ही विसंगति त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आली नाहीं. ती पुढें कशी आली तें यथाक्रम सांगूं.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, ज्या यंत्रांविषयीं आम्ही बोलत आहों त्यांस आपल्याकडे इतिहास आहे काय? पुष्कळांची अशी समजूत दिसते कीं, गणकयंत्र ही पश्चिमेकडून पेटींत बंद होऊन आलेली वस्तु आहे, व आपण केवळ तिचे गिऱ्हाईक. ही समजूत अर्धी खरी आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत १९५५-५६ मध्यें जें पहिलें अंकीय गणकयंत्र बसविण्यांत आलें तें इंग्लंडांतूनच आलें होतें. परंतु त्याच सुमारास मुंबईंत एक निराळा उद्योग चालला होता. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं कांहीं तरुण मंडळींनीं १९५४ च्या अखेरीस गणकयंत्राची रचना हातीं घेतली. असें यंत्र त्यांपैकीं बहुतेकांनीं पूर्वीं हाताळलेलेंहि नव्हतें. अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथील यंत्राच्या धर्तीवर त्यांनीं आधीं एक लहान नमुना केला. तो १९५६ मध्यें चालूं लागला. मग मोठें यंत्र बांधावयास घेतलें, व १९६० च्या फेब्रुवारींत तें कामास लागलें. १९६२ च्या जानेवारींत कुलाब्याच्या नव्या इमारतीचें उद्घाटन झालें, त्या प्रसंगीं पंडित नेहरू यांनीं त्याचें 'टिफरॅक' असें नामकरण केलें.

या यंत्राचें स्वरूप आजच्या तरुण वाचकाच्या कल्पनेंत येणें कठीण आहे. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याची स्मृति २,०४८ शब्दांची असून प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा होता. म्हणजे एकंदर ८१,९२० अंक. आणि अशा प्रत्येक अंकासाठीं फेराइटचें एक बारीक कडें, तारांच्या जाळींत मण्यासारखें ओंवलेलें. कड्यांतील चुंबकत्व एका दिशेस असलें म्हणजे शून्य, उलट दिशेस असलें म्हणजे एक, इतकी ती साधी गोष्ट. परंतु ऐंशी हजारांवर कडीं आणि त्यांतून गेलेल्या तारा, हें काम विणकराच्या चिकाटीनेंच होणारें होतें. एवढ्या सर्व स्मृतींत प्रस्तुत लेख कोणत्याहि रीतीनें मावला नसता. तरी अणुविज्ञानाचीं व स्फटिकरचनेचीं किती तरी गणितें त्या यंत्रानें सोडविलीं, आणि संस्थेबाहेरील शास्त्रज्ञहि आपले प्रश्न कागदी फितीवर टोंचून घेऊन त्याच्या दाराशीं येत.

१९६४ मध्यें त्याच संस्थेंत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हें कितीतरी वेगवान यंत्र आलें, आणि टिफरॅकची सेवा लवकरच संपली. आज तें चालत्या स्थितींत कोणाहि विद्यार्थ्यास पाहावयास मिळत नाहीं. येथें एका योगायोगाकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. त्याच १९६४ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्न विद्यापीठानेंहि आपलें जुनें यंत्र बंद केलें. 'सिसरॅक' नांवाचें हें यंत्र सिडनी येथें १९४९ मध्यें प्रथम चाललें होतें व १९५६ पासून मेलबर्नच्या विद्यापीठांत कामास होतें. तेंहि नलिकांचें, तेंहि कालबाह्य झालेलें. परंतु विद्यापीठानें तें मोडीत न काढतां जसेंच्या तसें व्हिक्टोरिया प्रांताच्या संग्रहालयाच्या हवालीं केलें. त्या वेळीं त्याचें मोल कोणास फारसें वाटत होतें असें नाहीं. कोणीतरी फेंकावयाचें नाहीं असें ठरविलें, इतकेंच. आज पहिल्या पिढीच्या गणकयंत्रांपैकीं जवळजवळ अखंड राहिलेलें तें जगांतील एकमेव यंत्र म्हणून दाखविलें जातें. एका लहानशा निर्णयानें एवढा फरक पडतो.

इंग्रज लोकांसहि हें शहाणपण पुष्कळ नुकसानीनंतर आलें. मँचेस्टरच्या विद्यापीठांत २१ जून १९४८ रोजीं ज्या यंत्रानें आपल्याच स्मृतींत साठविलेली आज्ञावलि जगांत पहिल्यानें चालविली, तें त्यांनीं स्वतःच मोडलें. पन्नासाव्या वाढदिवशीं, १९९८ मध्यें, त्याची प्रतिकृति उभी करावी लागली. युद्धकाळांत शत्रूची गुप्त लिपि फोडण्यासाठीं बांधलेलीं कोलोसस यंत्रें युद्ध संपतांच बहुतेक नष्ट करण्यांत आलीं. टोनी सेल या गृहस्थानें १९९३ पासून थोड्या छायाचित्रांच्या, कांहीं उरलेल्या आराखड्यांच्या व वृद्ध कारागिरांच्या आठवणींच्या आधारें एक यंत्र पुन्हां जुळवितां जुळवितां आपल्या आयुष्याचीं अनेक वर्षें खर्च केलीं. उलटपक्षीं, चार्ल्स बॅबेजचें दुसरें भेदयंत्र त्याच्या हयातींत कधींच बांधलें गेलें नाहीं. परंतु त्याचे आराखडे नीट जपून ठेवलेले असल्यामुळें लंडनच्या विज्ञान संग्रहालयास १९९१ मध्यें, त्याच्या जन्माच्या द्विशताब्दीस, तें प्रत्यक्ष घडवितां आलें, आणि तें बिनचूक चाललें. दीडशें वर्षें जो मनुष्य अपयशी म्हणून गणला गेला त्याचें गणित बरोबर होतें, हें कागद राखल्यामुळें सिद्ध झालें.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. गणकयंत्रांचा महाराष्ट्रांतील इतिहास केवळ प्रयोगशाळांचा नाहीं. मुंबईंतील एस्सो या तेलकंपनीनें १९६१ मध्यें आयबीएम १४०१ हें यंत्र आणिलें, आणि मग कचेऱ्यांतून, विमा व्यवसायांतून त्यांचा शिरकाव होऊं लागला. त्याबरोबर कारकुनांच्या मनांत धास्ती शिरली. यंत्र आलें म्हणजे हिशेबनिसाचें पोट जाईल काय, या प्रश्नावर संप झाले, मोर्चे निघाले. आणि अखेरीस सरकारनें नेमलेल्या स्वयंचलनविषयक समितीचें अध्यक्षपद पुण्याच्या गोखले संस्थेंतील प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे आलें. समितीचा अहवाल १९७२ मध्यें प्रसिद्ध झाला. त्या वादांतील दोन्ही बाजूंचे लोक आपलेच होते. एखाद्या संग्रहालयांत १४०१ ची पेटी ठेवून तिच्या शेजारीं हा वाद मांडला नाहीं, तर ती पेटी म्हणजे नुसतें लोखंड होय.

पुढें पुण्यास गणेशखिंडींत, विद्यापीठाच्याच आवारांत, एक मोठें प्रकरण घडलें. अमेरिकेकडून हवें तें क्रे जातीचें महागणकयंत्र मिळण्यांत अडचणी आल्यावर भारत सरकारनें १९८८ मध्यें प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापिलें. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले विजय भटकर त्याचे प्रमुख होते. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ट्रान्सप्युटर नांवाचे अनेक लहान गणक एकत्र जुंपून १९९१ मध्यें 'परम ८०००' हें यंत्र सिद्ध केलें. एका बलाढ्य बैलाऐवजीं अनेक बैल एकाच नांगरास जुंपावे, अशी ती युक्ति होती.

परंतु आमच्या मतें मराठी वाचकाच्या दृष्टीनें त्याच केंद्राचें दुसरें एक काम अधिक जिव्हाळ्याचें आहे. कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेंत आरंभ होऊन पुढें पुण्यास वाढलेली 'जिस्ट' ही योजना. साध्या संगणकाच्या पेटींत एक जादा पत्रिका बसविली कीं त्याच्या पडद्यावर देवनागरी व इतर भारतीय लिप्यांचीं अक्षरें उमटत. लिपि कोणतीहि असो, 'क' या वर्णास एकच संकेतांक, अशी त्यामागील योजना होती. हे संकेतांक 'इस्की' या नांवानें १९८८ मध्यें निश्चित झाले व १९९१ मध्यें त्यांस भारतीय मानकाची मान्यता मिळाली. आज जगभर चालणाऱ्या युनिकोडांतील देवनागरीची मांडणीहि मूळ त्यावरूनच घेतलेली आहे. ज्या दिवशीं एखाद्या तालुक्याच्या कचेरींत प्रथम मराठी अक्षर पडद्यावर उमटलें असेल, तो दिवस आमच्या मतें मराठी मुद्रणाच्या इतिहासांत नोंदण्यासारखा आहे. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईंत छापलेल्या पंचांगाची आपण आदरानें आठवण करितों. त्यांचेंहि साधन मूळचें परदेशचेंच होतें. परंतु त्यावर उमटलेला मजकूर आपला होता, म्हणून तें आपल्या इतिहासाचा भाग झालें. संगणकासहि हाच न्याय लाविला पाहिजे.

येथें आमच्या स्वतःच्या गोष्टीस आरंभ होतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानांत भारतीय फौजा शिरल्या, तेव्हां सोलापुराकडून आलेल्या तुकड्यांनीं पहिल्याच दिवशीं नळदुर्ग घेतला आणि बोरी नदीवरील पूल शाबूत हातीं आला. १९९५ च्या सुमारास आम्हीं गांवांतील व आसपासच्या वस्त्यांतील एकोणीस वृद्धांच्या त्या दिवसांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यांत हिंदु होते, मुसलमान होते; रझाकारांच्या भीतीनें रानांत राहिलेले होते आणि पुढें उलट भीतीनें घर सोडलेलेहि होते. कोणी काय पाहिलें आणि कोण कोणाच्या घरीं लपलें, हें सरकारी कागदांत सांपडणारें नव्हतें. तो सर्व मजकूर आम्हीं रात्रीं बसून जिस्ट बसविलेल्या एका यंत्रावर उतरविला व पांच फ्लॉपी तबकड्यांवर साठविला. काम नव्या पद्धतीनें झालें याचा आम्हांस त्या वेळीं अभिमान वाटला. मूळ वह्यांकडे मग दुर्लक्ष झालें, आणि एका पावसाळ्यांत त्या वाळवीनें खाल्ल्या. आम्हांस त्याचें विशेष दुःख झालें नाहीं. मजकूर 'संगणकांत' आहे, अशी खात्री होती.

लिलावानंतर तीन वर्षांनीं एका संपादकांनीं तो मजकूर मागितला, तेव्हां आम्हीं तबकड्या काढल्या. सव्वापांच इंची तबकडी ज्यांत घालावी असें साधन गांवांत, तालुक्यांत, जिल्ह्याच्या ठिकाणींहि कोणापाशीं राहिलें नव्हतें. तेव्हां आम्हांस त्या व्हरांड्यांतील ढिगाची आठवण झाली. ज्या यंत्रावर आम्हीं तो मजकूर लिहिला होता तेंच यंत्र त्या ढिगांत होतें, आणि तें वजनानें विकण्याच्या ठरावावर आम्हीं सही केली होती.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पुण्यास शोध करितां, एका सेवानिवृत्त गृहस्थांनीं आपलें जुनें यंत्र माळ्यावर कापडांत गुंडाळून ठेविलें आहे असें कळलें. घरच्या मंडळींनीं त्यांस अनेकदां तें टाकून देण्याविषयीं सांगितलें होतें म्हणे. त्यांच्या यंत्रावर पांचांपैकीं दोन तबकड्या वाचल्या गेल्या. उरलेल्या तिहींवर बुरशी चढली होती व त्यांचा थर खरवडून निघाला. जें वाचलें गेलें तें आरंभीं निरर्थक चिन्हांसारखें दिसलें; परंतु इस्कीचे संकेतांक छापील मानक म्हणून उपलब्ध असल्यामुळें त्यांचें पुन्हां मराठींत रूपांतर करितां आलें. एकोणीसांपैकीं सात जणांच्या आठवणी अशा परत मिळाल्या. बारा जणांच्या गेल्या. त्यांपैकीं आतां कोणीहि हयात नाहीं.

आमची हानि लहान आहे. परंतु तिच्यासारख्या हानि घरोघरीं, कचेरोकचेरीं झाल्या असल्या पाहिजेत. १९८५ पासून पुढील वीस-पंचवीस वर्षांत मराठींतील पुष्कळ पुस्तकें, नियतकालिकें, ठराव, सभांचीं इतिवृत्तें संगणकावर जुळविलीं गेलीं. त्यांत कोणी जिस्ट वापरलें, कोणी श्रीलिपि, कोणी आकृति. आणि पुष्कळ अक्षरसंचांचे संकेत निरनिराळे. एकाचा मजकूर दुसऱ्यांत उघडला तर मराठीच्या जागीं रोमन अक्षरांची रास दिसते. ज्यांस मोडी लिपीचा अनुभव आहे त्यांस ही गोष्ट लवकर कळेल. मोडीचे रुमाल अद्याप पुष्कळ आहेत, कागदहि बरा आहे. परंतु वाचणारे थोडे राहिले, म्हणून तो इतिहास दाराशीं असून बंद आहे. मोडी विसरावयास आपणांस दोन-तीन पिढ्या लागल्या. येथें एका पिढीच्या आंतच, लिहिणारा जिवंत असतां, त्याचें स्वतःचें लिहिणें त्यास वाचतां येईनासें झालें.

महाराष्ट्रास या कामाची परंपरा नाहीं असें नव्हे. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें जमविलीं व १८९८ मध्यें मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढिला. १९१० मध्यें भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतून पंचेचाळीस भाग छापून दिले. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं तर अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या अशा घरगुती वस्तु आयुष्यभर गोळा केल्या. त्या वस्तु ज्यांच्या घरांतून आल्या त्यांस त्या अडगळच वाटत असतील. दप्तर काय किंवा अडकित्ता काय, त्याचें मोल कळण्याच्या आधीं कोणीतरी तें उचलून ठेवावें लागतें.

यावर तीन आक्षेप आम्हीं ऐकिले आहेत. पहिला जागेचा व पैशाचा. ज्या विद्यापीठांत वर्गांस छप्पर धड नाहीं तेथें जुनीं यंत्रें कोठें ठेवावयाचीं? हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु सर्वच ठेवा असें कोणी म्हणत नाहीं. एका जातीचें एक यंत्र चालतें, व त्यास सुटे भाग पुरविण्यासाठीं दुसरें एक, इतकें पुरे. उरलेलीं अवश्य नियमाप्रमाणें नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेकडे जावींत. त्यांत शिसें व इतर विषारी द्रव्यें असतात, आणि ई-कचऱ्याविषयीं २०११ पासून झालेले नियम योग्यच आहेत. एक मध्यम आकाराची कोरडी खोली आणि एक जाणता मनुष्य, एवढ्यावर आरंभ होऊं शकतो.

दुसरा आक्षेप असा कीं, जुन्या यंत्राचें वर्तन नव्या यंत्रावर हुबेहूब दाखवितां येतें, मग पेट्या कशाला? ही सोय खरोखर मोठी आहे आणि अभ्यासकास ती अनेकदां पुरते. परंतु अनुकरण करणारी आज्ञावलि मूळ यंत्रावरून पडताळून पाहावी लागते. मूळ नाहींसें झालें म्हणजे पडताळा कोणता? आणि बुरशी चढत असलेली तबकडी प्रथम वाचण्यास खरेंच साधन लागतें, हें आम्हीं किंमत देऊन शिकलों आहों.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे : हीं यंत्रें सामान्य आहेत, हजारोंनीं निघालेलीं आहेत, त्यांत पाहण्यासारखें काय? १९८४ मध्यें सरकारनें शाळांत संगणक-साक्षरतेची योजना काढली व सुमारें अडीचशें शाळांपासून आरंभ करून बीबीसी मायक्रो जातीचीं यंत्रें वाटलीं. तीं यंत्रें सामान्यच होतीं. परंतु ज्या मुलानें कळफलकावर पहिल्यानें बोट ठेविलें त्याच्या दृष्टीनें तें सामान्य नव्हतें. असाधारण वस्तूस राजे-रजवाडे राखतात. सामान्य वस्तु कोणीच राखीत नाहीं, म्हणून पन्नास वर्षांनीं तीच दुर्मिळ होते.

आतां जतन कसें करावें याविषयीं थोडें. यंत्र हातीं येतांच तें चालू करून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे. जुने धारित्र एकाएकीं विजेचा दाब पडला म्हणजे फुटतात. मुख्य पट्टावर जी लहान बॅटरी असते ती आधीं काढावी, कारण तिच्यांतून झिरपणारा क्षार तांब्याच्या वाटा खाऊन टाकितो. चित्रनलिकेच्या पेटीस अजाण माणसानें हात लावूं नये. यंत्र बंद केल्यावरहि तीत प्राणघातक दाब राहूं शकतो. मराठवाड्याच्या हवेंत तीन शत्रु मुख्य आहेत : उन्हाळ्यांतील धूळ, पावसाळ्यांतील दमट हवा, आणि तारा कुरतडणारे उंदीर. तबकड्या व फिती असतील तर यंत्राच्या आधीं त्यांची नक्कल करावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वस्तूबरोबर तिची कुळकथा लिहून ठेवावी : केव्हां घेतली, किती रुपयांस, कोण तिच्यावर बसे, कोणतें काम होई. खरेदीचीं बिलें, शिकवणीच्या वह्या, यंत्रावर चिकटविलेली सूचनेची चिठ्ठी, हीं सर्व साधनेंच होत. यंत्र चालविणारे पहिले लोक आतां सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या आठवणी आजच घेतल्या पाहिजेत, आणि त्या कागदावर घ्याव्या, असें आम्ही अनुभवानें सांगतों.

प्रदर्शनाचा प्रश्न याहून निराळा आहे. कांचेच्या कपाटांत बंद पेट्या ओळीनें मांडून त्यांखालीं नांव व साल लिहिलें, तर पाहणारा दोन मिनिटांत बाहेर पडेल, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. पाणीमहालास गर्दी होते ती पाणी वाहतें म्हणून. संग्रहांतील निदान एक यंत्र चालतें असावें. मुलानें त्यावर आपलें नांव मराठींत लिहावें आणि सुयांच्या मुद्रकानें तें कर्र्-कर्र् आवाज करीत कागदावर उमटवावें. दुसरें एक उघडें ठेवून त्याच्या प्रत्येक भागास मराठींत नांव द्यावें. ऐंशी रकान्यांचें छिद्रांचें कार्ड हातांत घेऊं द्यावें. फेराइट कड्यांची जाळी मिळाली तर तिच्यावर भिंग बसवावें. स्मृति म्हणजे काय हें त्या एका दर्शनांत जेवढें कळतें तेवढें व्याख्यानानें कळत नाहीं. आणि भिंतीवर परमची कीर्ति लिहावी, तशी नोकरीच्या भीतीनें मोर्चांत चाललेल्या कारकुनाचीहि हकीकत लिहावी. संग्रहालय म्हणजे विजयाची कमान नव्हे.

हें काम मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांनींच करावें असें नाहीं. मराठवाड्याचें विद्यापीठ १९५८ सालीं स्थापन झालें. धाराशिवास त्याचें उपकेंद्र आहे. संलग्न महाविद्यालयांतील अडगळीच्या खोल्यांतून काय काय पडलें आहे याची नुसती यादी करविली तरी एक खोली भरेल इतकें निघेल, असा आमचा तर्क आहे. त्याहूनहि सोपी एक सूचना आम्ही करितों. सामान निकालांत काढण्याचा जो नमुना-फॉर्म प्रत्येक संस्थेंत भरला जातो, त्यांत एक रकाना वाढवावा : 'ही वस्तु संग्रहास ठेवण्याजोगी आहे काय?' आणि त्या रकान्यापुढें इतिहासाच्या व विज्ञानाच्या अध्यापकांची सही असावी. याला पैसा लागत नाहीं. आमच्या वेळीं तो रकाना असता, तर निदान सही करण्यापूर्वीं आमचा हात क्षणभर थांबला असता.

त्या तीन तबकड्या अद्याप आमच्या खणांत आहेत. त्या आतां वाचल्या जाणार नाहींत असें जाणत्यांनीं सांगितलें आहे, तरी टाकवत नाहींत. सात जणांच्या आठवणी आम्हीं कागदावर छापून त्यांच्या नातवंडांस एकेक प्रत पोंचती केली. एका घरीं प्रत हातीं घेतांना त्या गृहस्थाच्या नातसुनेनें विचारलें, "आणि आमच्या आजेसासूबाईंचं नाहीं का यांत? त्याहि बोलल्या होत्या ना तुमच्याशीं?" त्या बोलल्या होत्या. बाजारपेठेंतील एक कुटुंब त्यांनीं चार दिवस आपल्या कणगीमागें लपविलें होतें, इतकेंच आम्हांस आठवतें. त्यांचे शब्द आठवत नाहींत.

वाचकांस इतकीच विनंति आहे. येत्या दिवाळीच्या झाडलोटींत माळ्यावरून एखादें जुनें यंत्र किंवा तबकड्यांचा डबा निघाला, तर तो भंगाराच्या काट्यावर घालण्यापूर्वीं एकदां जवळच्या महाविद्यालयांतील कोणा अध्यापकास दाखवावा. आणि त्या अध्यापकानें त्यांत तांबें किती निघेल याखेरीज दुसरा कांहीं विचार करावा.